ताट माझं, बाकडं सगळ्यांचं

गेल्या महिन्यात एका वाचकाचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटला. म्हणाला, "सर, तुमचं लिखाण मी नेहमी वाचतो. पण अलीकडं तुम्ही फारच किरकोळ विषयांवर लिहायला लागलात. जुने रेडिओ काय, रंकाळ्यावरचं फिरणं काय, मिसळ काय! आपल्या समाजापुढं एवढे प्रश्न उभे असताना हे शोभतं का?"

मी म्हटलं, "बेटा, तू जेवलास का?"

तो गडबडला. "हो, जेवलो."

"काय होतं?"

"डाळ-गोश्त."

"कसं झालं होतं?"

त्यानं दोन मिनिटं मनापासून सांगितलं. अम्मीच्या हाताला कशी चव आहे, डाळ किती घोटावी लागते, वरून पुदिना का हवा. सांगून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं आणि तो हसायला लागला. फोन ठेवताना मात्र म्हणाला, "तरी पण सर, जरा गंभीर लिहा."

त्यानंतर चारच दिवसांनी लग्नाच्या एका पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "तुमच्यासारख्या शिकलेल्या लोकांनी आता बोललं पाहिजे. तुमच्यातल्या चुकीच्या गोष्टींवर कडक लिहिलं पाहिजे. तुम्ही काय ते मिसळीवर लिहीत बसता!"

गंमत बघा. एकाला वाटतं मी समाजाची बाजू मांडत नाही, दुसऱ्याला वाटतं मी समाजाचे कान उपटत नाही. दोघांची मागणी एकच, की मुसलमान माणसानं लेखणी हातात घेतली की ड्युटीवर हजर राहावं. मास्तरकीच्या बत्तीस वर्षांत मलाही किरकोळ रजा मिळत होती. ही नोकरी विनारजेची दिसते.

पु. ल. देशपांड्यांचं 'माझे खाद्यजीवन' मराठी माणसानं डोक्यावर घेतलं. खाण्यावर, फिरण्यावर, छंदावर लिहिण्याची आपल्या भाषेत मोठी परंपरा आहे. मी त्याच भाषेत शिकलो, तीच भाषा पोरांना शिकवली. मग मिसळीवर लिहायचा हक्क माझा नाही का? गंभीर विषयांवर मी लिहिलंय, पुढंही लिहीन. पण माणूस चोवीस तास 'प्रश्न' नसतो. तो सकाळी उठून चहाही पितो. आज त्या चहाबद्दलच लिहायचं आहे. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा विषय किरकोळ आहे की नाही.

आधी माझा रविवार सांगतो.

फजरची नमाज झाली की मी रंकाळ्याला एक फेरी मारतो. घरी येऊन पेपर. साडेआठला सायकल काढतो आणि आमच्या ठरलेल्या हॉटेलात जातो. हॉटेल म्हणजे चार टेबलं, आठ बाकडी, भिंतीवर मालकाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आणि चुलीसमोर घामाघूम झालेला मालक. तीस वर्षं झाली, आम्ही चौघं तिथं जातो. एक पैलवान. लहानपणी तालमीत गेला म्हणून नाव पडलं, आता गुडघ्याला पट्टा बांधून चालतो, पण नाव टिकून आहे. दुसरे शेटजी, कापडाचं दुकान, धर्मानं जैन. तिसरे साहेब, बँकेतनं निवृत्त झालेले. आणि चौथा मी, म्हणजे मास्तर.

कोल्हापूरची मिसळ बाहेरच्या माणसाला सांगायची तर अशी. तळाला मटकीची उसळ, त्यावर फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. आणि वेगळ्या भांड्यात लाल तवंगाचा कट. मिसळ चांगली की वाईट हे कटावर ठरतं. नुसता तिखट कट कुणीही करील. खोबरं किती भाजलंय, कांदा-लसूण चटणी कुठली वापरलीय, तवंग जिभेवर बसतो का घशात टोचतो, हे कळायला काही वर्षं जावी लागतात. आमचे शेटजी पहिल्या चमच्याला सांगतात, "आज खोबरं जास्त लागलंय." मालक आतनं ओरडतो, "लागलंय खरं!" या संवादासाठी मी सहा दिवस थांबलेला असतो.

आता एक गुपित सांगतो. आमच्या चौघांत बाहेर खाताना सगळ्यात कडक शाकाहारी कोण, तर मी! लोकांना वाटतं मुसलमान म्हणजे हॉटेलात शिरला की मटणाचं ताट. उलट आहे. घराबाहेर हलाल आहे की नाही याची खात्री नसेल तर मी मटणाला हात लावत नाही. त्यामुळं तांबडा-पांढरा रस्सा खायला आम्ही कुठं गेलो की पैलवान आणि साहेब दणकून वाट्या संपवतात आणि मी शेटजींच्या शेजारी बसून अख्खा मसूर आणि भाकरी खातो. एकदा नवा वाढपी पोरगा आला. त्यानं माझी दाढी बघितली आणि मटणाचं ताट थेट माझ्यापुढं ठेवलं, मसूर पैलवानापुढं. पैलवान म्हणाला, "अरं बाबा, हितं उलटं हाय. मुसलमान शाकाहारी आन् माळकऱ्याचा नातू मटणावर!" सगळं हॉटेल हसलं.

रमजानात माझा रविवार बंद. पण तीस वर्षांत बैठक बंद पडलेली नाही. त्या महिन्यात ती रात्री भरते. तरावीहची नमाज आटोपून मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातो, बाकीचे तिघे आधीच आलेले असतात. समोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. ज्यानं ते दूध प्यालं नाही त्याला दूध म्हणजे काय हे माहीत नाही, असं माझं ठाम मत आहे. तसंच चातुर्मासाचं. शेटजी त्या महिन्यांत कांदा-लसूण सोडतात. मग रविवारी आम्ही मिसळ खातो आणि ते शेजारी बसून चहा पितात. कटाचा वास मात्र घेतात आणि निकाल देतात. कुणी कुणाला कधी "एवढं काय त्यात, खा की" असं म्हटलं नाही. आणि "तू खात नाहीस तर येऊ नको" असंही म्हटलं नाही.

ईदला तिघे घरी येतात. शीरखुर्म्याचं एक पातेलं आमच्या बेगम वेगळं ठेवतात. त्या दिवशी ते चुलीवर सगळ्यात आधी चढतं, मटणाची भांडी नंतर. शेटजींनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. एका वर्षी शेटजी हळूच बेगमना म्हणाले, "भाभी, ते पातेलं आधी चढवता हे मला माहीत आहे." एवढंच. त्यावर कुणी भाषण केलं नाही.

माझा दुसरा किरकोळ छंद म्हणजे जुने रेडिओ दुरुस्त करणं. अब्बांचा मर्फी रेडिओ होता. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली आणि आमच्या घरात काही वर्षांनी पोचली. अब्बा सांगायचे, गल्लीतली निम्मी माणसं आमच्या ओट्यावर गाणी ऐकायला बसायची. तो सेट बंद पडला तेव्हा भंगारात द्यायचा ठरला, पण माझं मन होईना. मी मागचं फळकूट उघडलं, डायलची तुटलेली दोरी बदलली, जळालेला कंडेन्सर बाजारात शोधला. दोन महिने लागले. ज्या संध्याकाळी त्यातनं आधी घरघर आणि मग गाण्याचा आवाज आला, त्या संध्याकाळचा आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता. तेव्हापासून लोक बंद पडलेले सेट आणून देतात. आमच्या माळ्यावर आता अकरा आहेत. बेगम म्हणतात, "कबाडखाना झालाय." त्यांचं बरोबर आहे.

रेडिओ जुळवताना मला एक नेहमी जाणवतं. सूर कुणाचा आहे हे आधी कोण विचारतो? अल्लादियाखाँ साहेब उत्तरेतनं आले आणि शाहू महाराजांच्या दरबारी गायक झाले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. पलीकडं मिरजेत अब्दुल करीमखाँ साहेब राहिले आणि मराठी नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका ठेवून गेले. त्या काळच्या रसिकांनी कानाला सोवळं नेसवलं नाही. हा भाग अख्खा या दोन उस्तादांवर पोसलेला आहे. गाणं ऐकणं ही किरकोळ गोष्ट असेल, पण त्या किरकोळ गोष्टीनं जे केलं ते पुष्कळ भाषणांना जमलं नाही.

आता चहाकडं येतो.

तुम्हाला वाटेल, अनोळखी माणसाशेजारी बाकड्यावर बसून चहा पिणं ही काय सांगायची गोष्ट आहे? पण या महाराष्ट्रात एका कपाच्या चहानं मोठं रण माजवलं होतं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. शहरातली मोठी माणसं हजर होती, न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यालं, कुणी नुसता कप समोर ठेवला. ही सगळी जमवाजमव आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांची. मग पाहुण्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात गहजब झाला. मिशनऱ्यांच्या घरचा चहा प्याले म्हणून ग्रामण्य, बहिष्कार, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी, प्रायश्चित्त. एका कप चहासाठी! रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

दुसरा चहा आमच्या कोल्हापुरातला. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. महाराजांनी या शहरात पोरांच्या शिक्षणासाठी वसतिगृहं काढली, १९०६ मध्ये मुसलमान पोरांच्या शिक्षणाची सोय केली. ते काम फार मोठं. पण मला विचाराल तर त्या हॉटेलातल्या कपाचं मोल त्याहून तसूभर कमी नाही. वसतिगृहात पोरगा शिकतो, हॉटेलात गाव शिकतं.

मुंबई-पुण्यात हेच काम इराण्यांनी केलं. इराणहून आलेल्या या लोकांनी नाक्या-नाक्यावर हॉटेलं काढली. मुंबईत धोबी तलावचं कयानी १९०४ चं, पुण्यात डेक्कनचं गुडलक १९३५ चं. संगमरवरी टेबल, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, बनमस्का आणि कडक चहा. तिथं गिरणी कामगार आणि वकील एकाच टेबलावर बसायचे, कारण जागा मिळेल तिथं बसायची पद्धत होती. मी डी. एड.नंतर नोकरीच्या मुलाखतीसाठी पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा अशाच एका इराण्याकडं बसलो. समोर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ आले, धोतर-टोपीतले. त्यांनी माझ्याकडं न बघता आपला पेपर उघडला आणि मधलं पान काढून माझ्यापुढं सरकवलं. मी वाचलं, परत दिलं. ते उठून गेले. एक शब्द नाही. मुलाखतीत मी नापास झालो, ते विसरलो. ते मधलं पान विसरलो नाही.

मग आज काय झालंय? हॉटेलं तर पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली. पण बाकड्याची जागा पार्सलनं घेतली. मोबाइलवर बोट ठेवलं की जेवण दारात. सोय आहे, मीही आजारपणात मागवतो. पण दारात येणारा पोरगाही आता नावानं ओळखला जातो. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकानं जेवण आणणारा पोरगा मुसलमान आहे म्हणून ऑर्डरच रद्द केली. देशभर चर्चा झाली. त्या कंपनीनं गिऱ्हाइकाची मागणी मानली नाही, हे चांगलं केलं. पण मला त्या पोराचंच वाटत राहिलं. जेवण त्यानं शिजवलं नव्हतं, फक्त आणलं होतं.

२०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाणावळींना, फळांच्या गाड्यांना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगितलं गेलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. न्यायालयानं जे म्हटलं ते मला फार पटलं. तुम्ही कोणत्या प्रकारचं अन्न देता हे लिहायला सांगू शकता, पण मालकाचं नाव लिहायची सक्ती करू शकत नाही.

माझं सगळं म्हणणं या एका फरकात आहे. ताटात काय, हा माझा प्रश्न. बाकड्यावर शेजारी कोण, हा माझा प्रश्न नाही.

कुणी शाकाहारी असेल आणि त्याला वेगळं स्वयंपाकघर हवं असेल तर त्यात मला काही गैर वाटत नाही. मी तरी काय वेगळं करतो? हलाल बघतो म्हणजे मीही पाळणूक करतोच. उपवासाला शेंगदाणे चालतात की नाही, मासा चालतो की नाही, लसूण कधी सोडायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. हजार वर्षं हा देश असाच जेवत आला आहे. हॉटेलच्या दारावर 'शुद्ध शाकाहारी' पाटी दिसली की मला उलट बरं वाटतं, काही विचारायची गरज राहत नाही, निवांत आत जाता येतं. बिघडतं कुठं? जेव्हा ताटाचा नियम माणसाला लावला जातो तेव्हा. शिजवणारा कोण, वाढणारा कोण, आणणारा कोण, शेजारी बसलेला कोण, असं सुरू झालं की आपण परत १८९० च्या त्या चहाच्या कपापाशी जाऊन पोचलो.

हे बोट मी फक्त समोरच्याकडं दाखवत नाही. आमच्यातही, "त्यांच्या हॉटेलात पाणीसुद्धा पिऊ नकोस" म्हणणारे आहेत. मी ते घरच्याच माणसाच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावरून भांडलोय. इस्लाम बरोबरीनं बसायला सांगतो, असं आम्ही अभिमानानं म्हणतो. पण अमक्या बिरादरीच्या घरी दावतीला जायचं नाही, तमक्यांना पोरगी द्यायची नाही, हे आमच्या मोहल्ल्यातही चालतं. मशिदीत एका सफमध्ये उभं राहायचं आणि दस्तरख्वानावर मात्र जात विचारायची, हे कसं जमतं आम्हाला?

आणि एक कबुली. माझ्या या सगळ्या रविवारांत बायका कुठं होत्या? तीस वर्षं मी मिसळीची तारीफ घरी येऊन सांगत होतो आणि बेगम ऐकत होत्या. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एवढं काय असतं हो त्यात? आम्हाला कधी दाखवलं नाही." मला चटका बसला. पुढच्याच रविवारी त्यांना घेऊन गेलो. मालकानं लगबगीनं फॅमिली रूमचा पडदा बाजूला केला. बेगम म्हणाल्या, "पडद्याआड कशाला? तुमच्या दोस्तांचं बाकडं कुठंय?" बुरख्यातली बाई बाहेरच्या बाकड्यावर मिसळ खायला बसली म्हणून दोन-चार माना वळल्या, मग सगळे आपापल्या ताटात गेले. बेगमनी पहिला घास खाल्ला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "कट पातळ आहे." शेटजी टेबलावर हात आपटून म्हणाले, "वहिनींना आधीच आणायला पाहिजे होतं!" त्यानंतर महिन्यातनं एक रविवार बायकांसह असतो. हे सुचायला मला तीस वर्षं लागली, याची लाज वाटते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

जून २०२३ मध्ये आमच्या शहरात मोबाइलच्या स्टेटसवरून जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दगडफेक झाली, दुकानं बंद, इंटरनेट बंद. मला कुणी काही केलं नाही. उलट शेजाऱ्यांनी विचारपूस केली. पण त्या रविवारी मी सायकल काढली, पायात चपला घातल्या आणि दारात उभा राहिलो. कुणी रोखलं नव्हतं. माझे पायच निघेनात. हॉटेलात शिरल्यावर बोलणं थांबलं तर? कुणी नुसतंच बघितलं तर? तीस वर्षं ज्या दारात मी शीळ घालत शिरलो, त्या दाराची मला भीती वाटली. मी चपला काढल्या. पैलवानाला निरोप धाडला, गुडघा दुखतोय. दुसऱ्या रविवारीही गुडघाच.

तिसऱ्या रविवारी सकाळी आठला दारात पैलवान. म्हणाला, "मास्तर, गुडघा माझा गेलाय. तुमचा कशानं दुखाय लागला?" मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "चला. शेटजी बाकडं धरून बसल्यात." मी गेलो. हॉटेलात बोलणं थांबलं नाही. मालकानं नेहमीसारखं विचारलं, "मास्तर, कट जादा?" मी मान हलवली. त्या दिवशी तिखट जरा जास्तच लागलं, डोळ्यांतनं पाणी आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पण साहेब आले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या रविवारी नाही, आजपर्यंत नाही. भांडण झालं नाही. एक वाकडा शब्द नाही. रस्त्यात दिसले तर मान हलवतात, तब्येत विचारतात. घाईत असतात. त्यांच्या मनात काय आहे मला ठाऊक नाही. कदाचित मोबाइलवर काही वाचलं असेल, घरात कुणी काही बोललं असेल, किंवा माझ्यासारखेच तेही दारात चपला घालून उभे राहिले असतील आणि त्यांच्या दारात कुणी पैलवान गेला नसेल. मी जायला हवं होतं. मी गेलो नाही. मला वाटलं, मी कशाला? त्यांना वाटलं असेल, मी कशाला? अशीच बाकडी रिकामी होतात. त्याला दंगल लागत नाही.

तर बेटा, तू फोनवर म्हणालास की मिसळ हा किरकोळ विषय आहे. या शहरातल्या एका बाकड्यावरची चौथी जागा रिकामी आहे, हा मला तरी मोठा प्रश्न वाटतो. कायदे, कोर्ट, निवडणुका, मोर्चे यांवर लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं, मीही लिहीन. पण कोर्ट फार तर पाटीवरचं नाव पुसायला सांगेल. शेजारी बसायला कुणी सांगू शकत नाही, ते आपणच उठून जाऊन करायचं असतं. आणि ते 'सलोखा' वगैरे मोठ्या शब्दांनी होत नाही. सलोखा परिषदांना मी बऱ्याचदा गेलोय. तिथं मुसलमानाला मुसलमान म्हणून बोलावतात आणि हिंदूला हिंदू म्हणून. मिसळीच्या बाकड्यावर मी फक्त कट जादा घेणारा मास्तर असतो. माणसाला माणूस म्हणून बसायला मिळावं म्हणून असल्या फालतू जागा लागतात. मिसळ, रेडिओ, कॅरम, कुस्तीचं मैदान, दुधाचा कट्टा. या जागा गेल्या की मग फक्त प्रश्न उरतात आणि प्रश्नांवर बोलणारे उरतात.

हा मजकूर लिहून झाला की मी साहेबांच्या घरी जाणार आहे. त्यांच्याकडं एक जुना बुश ट्रान्झिस्टर आहे, त्याचा आवाज फाटतो हे मला माहीत आहे. "स्पीकर बदलून देतो, द्या इकडं" एवढंच म्हणणार आहे. बाकीचं काही विचारणार नाही. त्यांनी दिला तर रविवारी सकाळी तो दुरुस्त करून हॉटेलातच आणून ठेवीन, घ्यायला या म्हणून सांगीन. नाही दिला तर चहा तरी विचारतीलच.

आणि बेटा, तूही ये एखाद्या रविवारी. साडेआठला. डाळ-गोश्त नाही मिळणार, पण कट हवा तेवढा घे.